गालिच्यावरचं मढं

"थोडं मागे घ्या," म्हातारा म्हणाला. "इन्स्पेक्टर दारातून आत येतो तिथपासून."

एडिटरबाईने दृश्य मागे घेतलं आणि मनात म्हटलं, झालं याचं सुरू. मागच्या खेपेलाही त्याने हाच भाग मागितला होता आणि हेच दृश्य पुन्हा पुन्हा बघितलं होतं.

चॅनलच्या तळघरात जुन्या पोलिसी मालिकेच्या टेपा साफ करायचं काम चाललं होतं. एके काळी ही मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. आता ती मोबाइलवर दाखवायची होती. मालिकेत काम केलेल्यांच्या घरच्यांना जुने भाग बघू द्यायची चॅनलची पद्धत होती, त्यामुळे म्हाताऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"तुमचं कोण होतं यात?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"होता एक जण. नाव नाही आलं त्याचं पडद्यावर."

"नातं काय?"

"जवळचं."

"जवळचं म्हणजे?"

"जवळचं म्हणजे जवळचंच की हो, ताई," असं म्हणून तो हसला होता. तिथेच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली: हा कुणाच्या घरचा नाही, चुका टिपायला आलेला असणार.

तिचंही बरोबर होतं. साहेबांनी आधीच सावध राहायला बजावून ठेवलं होतं. या मालिकेत पुरुषावर प्रेम करणारा पुरुष आला की त्याच्या गळ्यात रेशमी स्कार्फ, बोटात मोठी अंगठी आणि मांडीवर मांजर असायचंच. पहिल्या जाहिरातीपर्यंत तो लाडेलाडे बोलायचा आणि त्यानंतर एक तर कुणाचा तरी गळा आवळायचा, नाही तर स्वतः मरून पडायचा. तिसरं काही लेखकाला कधी सुचलंच नाही. तिच्या लहानपणी घरातले सगळे पोट धरधरून हसायचे. तिचा काका उठून तशी चाल करून दाखवायचा. आता तेच भाग साफ करताना तिला स्वतःची लाज वाटायची.

"यातलं काही साफ व्हायच्या आत बाहेर फुटलं आणि आपलं हसं झालं," साहेब म्हणाले होते, "तर पहिली नोकरी तुमची जाईल." घरात कमावणारी ती एकटीच होती.

त्यात हा भाग सगळ्यात वाईट. गालिच्यावर एक तरुण मरून पडलाय, स्कार्फवाला मित्र कोपऱ्यात हुंदके देतोय. इन्स्पेक्टर सिगारेट पेटवून म्हणतो, "असल्यांचा शेवट असाच व्हायचा." हवालदार फिदीफिदी हसतो.

आणि वर चूक. मढं चक्क श्वास घेत होतं. एका दिवसापुरता कुणी तरी नट आणून आडवा केलेला, त्या बिचाऱ्याला काही दम धरून पडता आलं नव्हतं. इन्स्पेक्टरचं भाषण चालू असताना त्याची छाती हळूच वर यायची आणि खाली जायची.

पडद्याच्या काचेत एडिटरबाईला म्हातारा दिसत होता. इन्स्पेक्टरने तोंड उघडायच्या आत त्याचा हात कानाकडे गेला आणि काही तरी बारकंसं खिशात पडलं. मग तो पुढे वाकला, पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि हसला.

मढ्यालाच हसतोय हा, ती समजली. चूक बरोबर हेरलीय. आणि खिशात टाकलं ते काय? रेकॉर्डिंगचंच काही तरी असणार.

"काका, खिशात काय ठेवलंत?"

त्याने ऐकलंच नाही, किंवा न ऐकल्याचं सोंग केलं असेल. जाताना मात्र मोकळेपणाने म्हणाला, "एकदा हे मोबाइलवर आलं ना ताई, की तुम्हाला माझा त्रास नाही. मग रोज बघेन."

रोज बघेन आणि जगाला दाखवेन, असंच ना? तिला राग आला आणि भीतीही वाटली. ती तडक साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

साहेबांनी ऐकून घेतलं. "ती चूक आजच्या आज झाका," ते म्हणाले. "जुनी प्रत पुसून टाका आणि टेप मोडीत काढा. मागे काही उरता कामा नये."

तिने हललेल्या छातीवर स्थिर चित्र बसवलं. काम इतकं बेमालूम झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. जुनी प्रत पुसली. संध्याकाळी टेपेचा चुरा झाला.

म्हातारा पुन्हा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने चष्मा पुसला. इन्स्पेक्टर दारात आला तसा हात कानाकडे गेला, खिशाकडे गेला. तो पुढे वाकला. ती काचेत त्याच्या हसण्याची वाट बघत होती.

तो हसला नाही.

"थोडं मागे घ्या," तो म्हणाला. तिने घेतलं.

"पुन्हा एकदा." तिने पुन्हा घेतलं.

"हा हलत नाहीये, ताई."

एडिटरबाईने खुर्ची वळवली. इतक्या दिवसांची धास्ती तिने एका दमात बाहेर काढली. "नाहीच हलणार. दुरुस्त केलंय मी. आता कसा नीट मेलाय. जुनी प्रत पुसली, टेपसुद्धा मोडीत गेली. करा आता काय रेकॉर्ड करायचंय ते."

म्हातारा तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून ती बारकी वस्तू काढली आणि कानात बसवली. ते ऐकू यायचं यंत्र होतं.

"माफ करा," तो म्हणाला. "त्या इन्स्पेक्टरचं ते वाक्य मला ऐकवत नाही, म्हणून काढून ठेवतो. काय म्हणालात?"

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज खाली आला होता आणि नीट मेल्याचं तिने गाळलं.

म्हाताऱ्याने पडद्यावर, गालिच्यावरच्या त्या तरुणावर बोट टेकवलं.

"आमचे फोटो आम्हीच जाळले होते, ताई, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून," तो म्हणाला. "जिवंत असा तो एवढाच उरला होता."