सांधा कुणाचा

आदल्या संध्याकाळी कबुतरं घाण करून गेल्यासारखा दिसणारा लोखंडाचा सांधा आज सरळ आणि नेटका झाला होता. ठिणगीकाका रंगाचा डबा हातात धरून शेडच्या दारातच थबकले.

घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्याशिवाय कुणी वेल्डिंग करत नसे. काकू सोबत असत, पण फक्त धरायला. काका वेल्डिंगची सळई लावणार, काकू दुसरी काळी काच डोळ्यांसमोर घेऊन लोखंड धरणार. त्या "धरलंय" म्हणाल्या की काका ठिणगी पाडणार. लग्नापासून हेच चाललं होतं. काल दोघांनी मिळून थोरल्या मुलीच्या व्हॅनसाठी मागची दांडी जोडायला घेतली होती. तिला रोपांची ट्रॉली ओढायची होती. मुख्य सांधा मारून काकांनी काच वर केली, तर नुसते गोळे. त्यांना लाज वाटली. उद्या घासून पुन्हा मारू म्हणाले आणि दिवा मालवून घरात गेले.

सकाळी ते रंग आणायला गेले. दुकानात ओळखीचं कुणी भेटलं, गप्पांत वेळ गेला. आता येऊन बघतात तर मुख्य सांध्याचं काम झालेलं. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सांधा आपला जागच्या जागी.

"दुकानात जायच्या आधी मी शेडमध्ये गेलो होतो का गं?" त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, सहज विचारल्यासारखं.

काकू डाव्या हाताने भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "गेला असाल. तुमचा पाय घरात ठरतो कधी?"

गेल्या आठवड्यात कपाळावर असलेला चष्मा काकांनी घरभर शोधला होता. सगळे हसले, तेही हसले. पण चष्मा विसरणं वेगळं. मशीन चालू करायचं, कालचे गोळे घासायचे, सळई लावायची, वरची खपली ठोकून काढायची, आणि यातलं काही म्हणजे काही आठवू नये? आज हे, उद्या गॅस चालू राहील, परवा घरचा रस्ता सापडायचा नाही.

ते परत शेडमध्ये गेले. हातोडीने सांध्यावर ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत आला. सांध्यात खोट नव्हती. असलीच तर आपल्या डोक्यात, असं त्यांना वाटलं आणि ते आणखीच घाबरले. व्हॅनमध्ये थोरलीबरोबर नातवंडं बसणार, चढावर ट्रॉलीचा सगळा भार याच जोडावर येणार. कसा केला, कधी केला, याचाच पत्ता नाही अशा कामावर पोरांचा जीव टांगायचा? थोरली दुपारी दांडी न्यायला येणार होती. येऊ दे. रुसेल, रिकाम्या हाताने जाईल, पण धड घरी पोचेल.

त्यांनी ग्राइंडर उचलला.

त्याचा आवाज ऐकून काकू सुरीसकट धावत आल्या. कापू नका, म्हणाल्या. का, तर सांधा पक्का आहे.

"तुला काय कळतं त्यातलं?" काका करवादले. मग ग्राइंडर बंद झाला आणि त्यांचा आवाजही उतरला. "तो मारल्याचं मला आठवत नाही गं. काहीच आठवत नाही. माझं काहीतरी बिघडलंय."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. असं काही होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी सुरी खाली ठेवली, टांगलेला दिवा ओढून सांध्याजवळ धरला आणि एवढंच म्हणाल्या, "नीट बघा."

काका वाकले. सांध्यावरची खवलं बारीक होती, एकासारखी एक. ओळ संपते तिथे सळई उचलताना चिमुकला खड्डा राहतो, तसा तो राहिला होता. डाव्या टोकाला. काकांनी हवेत हात फिरवून पाहिला, डावीकडून उजवीकडे. ते जन्मभर असंच मारत आले होते. त्यांचा खड्डा उजवीकडेच पडायचा. उलट्या बाजूने यायचं तर सळई डाव्या हातात हवी.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या डाव्या बाहीला ठिणग्यांची बारीक भोकं पडली होती.

काकांना इतकं हायसं वाटलं की ते मटकन स्टुलावर बसले. डोकं जागेवर होतं. मग त्यांची नजर त्याच स्टुलाच्या पायाकडे गेली. गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः केलेलं स्टूल. खड्डा डावीकडे. कोपऱ्यातली शिडी, तिचाही डावीकडे. म्हणजे गोळे काही कालच पडले नव्हते. काल फक्त ते त्यांना दिसले होते; एरवी त्यांच्या ध्यानात यायच्या आत काकू ते घासून पुन्हा मारून ठेवत.

"शिकलीस कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मारत होता तेव्हाच," काकू म्हणाल्या. "काच माझ्याही डोळ्यांसमोर होतीच की."

काकांनी रागवायचं ठरवलं, पण राग येईना. दांडीचा शेवटचा कोपरा अजून सुटाच होता आणि थोरली कोणत्याही क्षणी आली असती. ते उठले. आपले हातमोजे काढून काकूंपुढे ठेवले, काकूंची जुनी काच खिळ्यावरून काढून घेतली आणि लोखंडाच्या पलीकडच्या टोकाला उकिडवे बसले.

"धरलंय," ते म्हणाले.