चालकाच्या सीटवर सासूबाई

सुनेची एक खोड सासूबाईंच्या डोक्यात जायची. एकच गोष्ट ती दोनदा विचारायची आणि दोनदा बघायची. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का. कारखान्यात माल तपासायची नोकरी, तीच सवय घरात. आत्तासुद्धा रेसच्या ट्रॅककडेला, भर उन्हात, ती पाना घेऊन गाडीच्या चारी चाकांभोवती दुसऱ्यांदा फिरत होती.

"बास आता. नट काही तोंड उघडून सांगणार नाहीत," सासूबाई घडीच्या खुर्चीतून म्हणाल्या.

सुनेने पुढच्या नटावर पाना लावला. तिचा चेहरा पार उतरला होता. नवरा नुकताच पहिली खेप संपवून आला होता. उतरल्यावर त्याने दार असं आपटलं की शेजारच्या गाडीवाल्यांनी माना वळवल्या.

गाडी सासऱ्यांच्या वेळची. ते गेल्यावर मुलगा ती भंगारात द्यायला निघाला होता. सुनेने अडवली. मला एक वर्ष दे, म्हणाली. ट्रॅकवर नीट पळाली तर ठेवायची, नाही पळाली तर मी अवाक्षर काढणार नाही. मग सुट्टीचा दिवस उजाडला की बाई गाडीखाली. खिळखिळे शॉकअॅब्सॉर्बर काढले, कडक स्प्रिंगा बसवल्या, चिरलेली रबरं बदलली. हाताचं ग्रीस जेवतानाही निघायचं नाही. घरात लक्ष्मी आणली होती की मिस्त्री, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत.

शेवटचं काम वजनाचं होतं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, चालक जागेवर बसलेला हवा. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघत स्प्रिंगखालची कडी फिरवायची आणि भार जुळवून घ्यायचा, नाहीतर गाडी एका बाजूच्या वळणावर घसरते. त्या दिवशी मुलगा कामावर होता. त्याच्या वजनाचं घरात दुसरं एकच माणूस होतं.

"मला धोंडा म्हणून बसवतेस होय?"

"धोंडा हलत नाही, आई. तुम्हीही हलायचं नाही. पाय आत घ्या, अंगाचा सगळा भार गाडीवर पडला पाहिजे."

सीट अशी खोल की गुडघे हनुवटीला लागावेत. दार मात्र सासूबाईंनी लावू दिलं नाही, कोंडल्यासारखं होतं म्हणाल्या. सून पलीकडच्या चाकाशी पोटावर आडवी झाली. तिथून तिला काटे दिसत होते, सासूबाई दिसत नव्हत्या.

"आई, पाय आत आहेत ना?"

"आहेत."

जरा वेळाने पुन्हा तेच. "पाय आत आहेत ना?"

"आहेत म्हटलं ना. अंगठा उमटवून देऊ का?"

त्यानंतर तिने विचारलं नाही.

आणि आज हे असं. "उजवीकडे वळते तेव्हा लोण्यासारखी जाते," मुलगा म्हणत होता. "डावीकडे घेतली की मागचा भाग सुटतो. भिंत हातभर राहिली होती. हातभर."

"भार जुळला होता. मी दोनदा मोजलं."

"चुलीत घाल तुझं दोनदा."

सुनेने हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कदाचित माझंच चुकलं असेल."

सासूबाईंनी मान वर केली. हे वाक्य तिच्या तोंडून त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. ऐकायची हौस मात्र फार होती.

"उद्या भंगारवाल्याला फोन करतो," मुलगा म्हणाला आणि हेल्मेट उचललं. "ही एक खेप मारतो आणि विषय संपवतो."

"आता कशाला जातोस? अजून कारण सापडलेलं नाही," सून म्हणाली.

"एका खेपेत घाबरून बसला असं म्हणतील सगळे."

कमीपणा घ्यायचा नाही, हे त्याने कुणाकडून उचललं होतं ते सांगायला नको.

तो आत बसला, पट्टे आवळले. सून खिडकीपाशी गेली. "जाऊ नकोस. मला सकाळपर्यंत वेळ दे. सगळं खोलून बघते."

"कारण माझ्यासमोर उभं आहे. बाजूला हो."

इंजिन सुरू झालं. फाटकावरच्या माणसाने पुढच्या गाड्यांना हात केला. एक सुटली, दुसरी सुटली. सून बाजूला झाली. तिने पाना न पुसताच पेटीत टाकला, झाकण लावलं आणि त्याच पेटीवर गाडीकडे पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते.

सासूबाई उठल्या. खुर्चीचा हात धरून, दातावर दात ठेवून उठल्या. तिसरी गाडी फाटकातून गेली. आता यांचीच पाळी. मुलाने गियर टाकला तेवढ्यात खिडकीतून एक हात आत आला आणि किल्ली फिरवून बाहेर घेऊन गेला. इंजिन बंद पडलं.

"आई, काय करतेस? मागे लोक थांबलेत."

"थांबू देत. तू उतर."

मागची गाडी भोंगा वाजवू लागली. सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या लंगडत सुनेपाशी गेल्या, किल्ली तिच्या ओटीत टाकली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझं एकच चुकलं. दोनदा विचारून थांबलीस, तिसऱ्यांदा उठून बघायला हवं होतंस. गुडघे वाकेनात म्हणून दोन्ही पाय दाराबाहेर जमिनीला टेकून बसले होते मी."