पाकिटातलं मत

मतदार यादीत चांगुणा शेजवळ या नावाखाली आधीच रेघ ओढलेली होती. म्हणजे त्यांचं मत देऊन झालं होतं. आणि चांगुणाबाई तर दोन तास रांगेत उभ्या राहून आत्ता कुठे टेबलापाशी पोचल्या होत्या.

“मग ते मी न्हाई दिलं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बोटाला शाई नव्हती. काडेपेट्यांच्या कारखान्यात तीस वर्षं लेबलं चिकटवून त्याचं टोक तेवढं गुळगुळीत झालं होतं.

केंद्राध्यक्ष होते दिनानाथ गुप्ते. एरवी ते बदलापूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. कितीतरी वर्षं प्रशासकाच्या सहीने चाललेल्या अंबरनाथमध्ये आज नगरपरिषदेची निवडणूक होती, आणि त्यांची ड्यूटी बुवापाड्यात लागली होती. खरी लढत दोघांतच होती. एक ठेकेदार. वस्तीतल्या बायकांचा संडास पाडून त्याला तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. दुसरा भगवान पगारे, वस्तीतलाच, कारखान्यात टर्नर. संडास हलणार नाही, उलट त्याला दारं बसतील, असं तो घरोघर सांगत फिरला होता. चार वर्षं बायका त्या बिनदाराच्या संडासात एकमेकींसाठी लुगडं धरून उभ्या राहत होत्या.

भगवानचा एजंट नेमका तेव्हा जेवायला गेला होता. ठेकेदाराचा एजंट खिडकीबाहेर बघत बसला. गुप्ते सरांनी रेशनकार्ड पाहिलं, नवऱ्याचं नाव विचारलं, घर नंबर विचारला. बाई खरी होती. खोटी कुणीतरी सकाळीच येऊन गेली होती.

अशा वेळी काय करायचं ते नियमात लिहिलेलं होतं. सरांनी त्यांना वेगळी मतपत्रिका दिली. चांगुणाबाई आडोशाला गेल्या, शिक्का मारून आल्या आणि त्यांनी ती उघडीच सरांच्या हातात दिली. सरांनी नजर वळवली, तरी शिलाई मशीन या भगवानच्या चिन्हावरचा शिक्का दिसलाच. त्यांनी घडी घातली आणि ती पाकिटात सरकवली.

“पेटीत न्हाई टाकायची?”

“तुमच्यासाठी हे पाकीट आहे.”

“पर मोजत्यात ना ह्ये?”

ते पाकीट कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय कुणी उघडत नसे. मोजणीत ते धरतच नसत. पण रांग दारापर्यंत गेली होती, उकाडा होता, आणि म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“मोजतात,” गुप्ते सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोजणीलाही त्यांना बसवलं होतं. ठेकेदाराला सहाशे बारा मतं पडली. भगवानला सहाशे बारा. पुन्हा मोजली, तेवढीच भरली. मग दोन चिठ्ठ्या लिहून पाण्याच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या जगमध्ये टाकल्या आणि शिपायाने एक उचलली. ठेकेदाराच्या माणसांनी गुलाल उधळला. भगवान पगारे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या कपाळावरही थोडा गुलाल उडाला, तो त्याने पुसला नाही.

सरांनी निवडणूक अधिकाऱ्याला बाजूला घेऊन त्या पाकिटाबद्दल सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. उमेदवाराने दहा दिवसांत कोर्टात अर्ज केला तर पाकीट उघडता येईल, तो म्हणाला. पण ते उमेदवाराचं काम. आपण सरकारी माणसं, आपण कुणाच्या कानाला लागायचं नाही.

गुप्ते सरांनी आठ दिवस शाळा केली. रात्रीचं जेवण त्यांना जाईना. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर ते अंबरनाथला उतरले आणि विचारत विचारत भगवानच्या घरी गेले. दाराला कडी होती. शेजारच्या ओट्यावर चांगुणाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सरांना लगेच ओळखलं. भगवानला कारखान्यातून यायला अजून तासभर होता. बसा म्हणाल्या, सतरंजी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

सर बसले. संडासाची एक भिंत पाडून झाली होती, विटांचा ढीग ओट्यावरून दिसत होता. चांगुणाबाईंनी तिकडे बघितलं नाही. त्यांनी आजूबाजूच्या बायकांना हाका मारून बोलावलं. चार-पाचजणी ओल्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या. चांगुणाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं: चोरट्या बाईने मत नेलं, तरी आपण हटलो नाही, आणि या साहेबांनी वेगळ्या पाकिटात ते कसं जपून ठेवलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. वस्ती हरली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर हार नव्हती.

सरांनी चहा संपवला. तासातली वीस मिनिटं सरली होती. ते उठले.

“भगवानला काय निरोप हाय का?”

“नाही. सहज आलो होतो.”

चांगुणाबाईंनी हात जोडले आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, “माझं मत ह्यांनी घेतलं म्हनून बरोबरी तरी झाली. न्हाईतर आपला भगवान एका मतानं पडला असता.”