ढगाची कड

अंतराळयानाने काढलेला ढगाळ शुक्राचा फोटो कॉलेजच्या कपाटात चार वर्षं पडून डागाळला होता. दुरुस्तीला तो मंगळवार पेठेतल्या मकदूमचाचांच्या स्टुडिओत आला आणि रिटचिंग करणाऱ्या दाक्षायणीच्या हाती पडला. "डाग मिटव, बेटी, ढग नको," चाचा म्हणाले. "डागाची कड धारदार असती. ढगाची विरत जाती." आठवडाभर ती बारीक ब्रशने डाग मिटवत राहिली, पण जीव घरी, लेकीच्या खोकल्यात अडकलेला. शनिवारी डॉक्टरांनी लेकीच्या छातीचा एक्स-रे दाखवला. फुप्फुसावर पांढरा ठिपका होता. तिचा चेहरा बघून डॉक्टरच गडबडले, "घाबरू नका बाई, फिल्मवरचाच डाग असेल. पुन्हा काढू की." दाक्षायणीने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. देवा, एवढी एक कड धारदार असू दे! कड चहूबाजूंनी विरत गेली होती. "पुन्हा नको, डॉक्टर," ती म्हणाली. "औषध सांगा."