उंच गाडी

आईनं एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला, दार घट्ट धरलं आणि पाय पुन्हा खाली घेतला. देवीच्या ओटीची पिशवी तिच्या काखेत होती.

भाड्याची गाडी मी मोठ्या हुशारीनं निवडली होती. कोकणातलं आमचं कुलदैवत डोंगरावर, शेवटचा रस्ता नुसता दगडगोट्यांचा. बुटकी गाडी खाली घासली असती. गाडीवाल्यानं फोनवर सगळं विचारलं होतं. रस्ता कसा आहे, माणसं किती, वयस्कर कुणी आहे का?

"छे, वयस्कर कुणी नाही," असं सांगून मी मोकळा झालो होतो. रस्त्याच्या नादात आईचे गुडघे आठवलेच नव्हते.

बायकोनं स्टूल आणलं. मी मागून आधार दिला. गुडघा वळेना.

"राहू दे रे," पिशवी माझ्या हातात देत आई म्हणाली. "तुम्हीच भरा ओटी."

"मी दुसरी गाडी मागवतो. चूक माझीच आहे."

"तुझी कसली?" ती ओशाळून हसली. "परवा फोनवर 'वयस्कर कुणी नाही' म्हणालास, तेव्हा किती बरं वाटलं होतं मला! या गुडघ्यांनीच तुला खोटं पाडलं."