सासऱ्याचं लायसन

कोंडीरामने फोर्कलिफ्ट थांबवली ती अगदी चुन्याच्या रेघेला लावून. पुढच्या लोखंडी दात्यांवर रद्दी कागदाच्या दोन गाठी, त्याही माणसाच्या डोक्यापेक्षा वर, पण तसूभर हलल्या नव्हत्या. खोपोलीच्या अलीकडच्या त्या कागद कारखान्यात लायसन दरवर्षी नवं करून घ्यावं लागे आणि त्यासाठी अशी परीक्षा द्यावी लागे. कोंडीराम ती विडी ओढून यावं इतक्या सहज देऊन येई.

यंदा घोळ एवढाच होता की परीक्षा घेणारा सेफ्टी ऑफिसर नवा होता, आणि तो कोंडीरामचा सख्खा जावई होता.

पोपट त्याचं नाव. कोंडीरामची मैना त्याला दिली तेव्हा सगळ्या गोदामाने लग्नात जेवता जेवता या नावांवरून पोटभर चेष्टा करून घेतली होती. आज मात्र कुणी हसत नव्हतं. रद्दी उतरवणारी टोळी भिंतीच्या सावलीत उभी राहून बघत होती. सासरा चुकतो का, आणि चुकला तर जावई ते पोटात घालतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मुकादम पोशा सगळ्यांच्या पुढे होता.

पोपट उन्हातून चालत जवळ आला. "मामा, दोन प्रश्न विचारायचेत," तो म्हणाला.

आणि कोंडीराम उतरला. गाठी वर तशाच, इंजिन धडधडतंय, आणि हा खाली येऊन टोपी सारखी करतोय. जावई उन्हात उभा आणि आपण वर गादीवर बसून बोलायचं, हे त्याच्या अंगातच नव्हतं. घरीसुद्धा पोपट दारात दिसला की तो खाटेवरून उठलेला असे.

पोपटचा चेहरा पडला. "मामा, गाठी वर आहेत," तो हळूच म्हणाला.

कोंडीरामने वळून पाहिलं. भार वर ठेवून गाडी सोडली की नापास. नव्या माणसांकडून हा नियम तोच तर घोकून घ्यायचा.

"लिवा नापास, जावईबापू," तो म्हणाला. "सगळी बघतात."

पोपटने लिहिलं. दुसरी संधी जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि ती शेवटची. ती हुकली तर कोंडीरामला पुन्हा टोळीत जाऊन पाठीवर रद्दीची पोती वाहावी लागणार होती. तरुणपणी वाहिली होती, पण आता सकाळी उठताना कमरेला हात लावावा लागत होता.

सुट्टीत तो गोदामामागे भाकरी खात बसला होता. पोपट आला तसा तो तोंडात घास असतानाच उठला.

"बघा, परत उठलात," पोपट म्हणाला.

"काय करू? पाय ऐकत नाय. तुमी उभं असलं की माझं बूड टेकतच नाय."

"मधे गाडी थांबवून प्रश्न विचारावेच लागतात, मामा. ते मला टाळता यायचं नाही."

"टाळू नका. मला गादीला बांधून घाला म्हंजे झालं." कोंडीराम हसला. पोपट हसला नाही. थोडा वेळ तो सासऱ्याच्या हातातल्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिला आणि निघून गेला.

सुट्टी संपली. कोंडीराम गादीवर चढला, गाठी उचलल्या, खांब चुकवून वळण घेतलं, रेघेपाशी आला आणि थांबला. पोपट पुढे येताना दिसला. कोंडीरामच्या गुडघ्यांनी उठायची तयारी केलीच.

पण पोपटच्या हातात ऑफिसातली खुर्ची होती. भारापासून लांब, भर उन्हात त्याने ती मांडली आणि तो बसला. मागे रेलून, पायावर पाय टाकून बसला. आख्ख्या टोळीसमोर, बापाच्या वयाच्या सासऱ्यासमोर.

"हं, मामा," तो म्हणाला. "भार वर असताना गाडी कधी सोडायची?"

"कधीच नाय," कोंडीराम गादीवरूनच म्हणाला. त्याचे गुडघे गप झाले होते.

भिंतीपाशी कुजबूज सुरू झाली. पोशाला तर राहवेना. "सासऱ्याची परीक्षा नि ह्यो खुर्चीत आडवा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लई शेफारला रं कोंडीरामचा जावई."

पोपटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मान वर केली नाही आणि वरचा पायही खाली घेतला नाही. उरलेला प्रश्न विचारताना त्याचा आवाज जरा चिरकला. हा शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होणार, मैनेच्याही कानावर जाणार, हे कोंडीरामला कळत होतं. पोपटला कळत नव्हतं असं थोडंच होतं? पोरगी चांगल्या घरी पडली, असं त्याला आजवर पुष्कळदा वाटलं होतं, पण आज वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं.

उत्तरं झाली. कोंडीरामने गाठी जमिनीवर टेकवल्या, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मगच उतरला.

"पास," असं म्हणत पोपट ताडकन उठायला गेला. कोंडीरामने त्याचा खांदा धरून त्याला परत खुर्चीत बसवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"पोशा," तो मोठ्याने म्हणाला, "आमच्यात जावयाला उभं ठेवत नाय."