फाटकावरचं पिवळं कापड

बाळासाहेब नदीच्या बांधावर उभे राहून खालच्या घरांची फाटकं न्याहाळत होते. काही फाटकांवर हातरुमालाएवढं पिवळं कापड लटकत होतं, काहींवर नव्हतं. सकाळी कापड बाहेर, संध्याकाळी आत. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय बाळासाहेबांना पुण्यातही चैन पडत नसे, मग जपानात तरी कसं पडावं?

“यामिनी, ती पिवळी कापडं कसली गं?” घरात पाऊल टाकताच त्यांनी सुनेला विचारलं.

यामिनीने लॅपटॉपवरची नजर काढली नाही. “काय माहीत, बाबा. चोनाइकाईचं काहीतरी असेल.”

चोनाइकाई म्हणजे आळीचं मंडळ. बांधावरचं गवत कोणी कापायचं, कचऱ्यावरची जाळी कोणी उचलायची, हे सगळं तेच ठरवायचं. मुलाने, जयेशने, तोयोसुच्या ऑफिसजवळचा फ्लॅट सोडून त्सुकुबाच्या अलीकडे नदीकाठी हे घर घेतलं आणि वडिलांना बोलावून घेतलं. आल्याबरोबर बाळासाहेबांनी प्लास्टिकच्या दिवशी ओला कचरा नेऊन ठेवला. पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटली आणि ती तिथेच पडून राहिली. सगळी आळी जाता-येता बघत होती.

“बाबा, आपल्याला इथे जन्म काढायचाय,” यामिनी एवढंच म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते आणि ते बाळासाहेबांच्या जिव्हारी लागलं. आपल्यामुळे पोरांना खाली बघायला लागू नये, एवढंच आता त्यांना हवं होतं.

समोरच्या घरातले हासेगावा हे त्यांचे या गावातले एकुलते एक मित्र. वय ऐंशीच्या पुढे, राहायला एकटे. ह्यांना जपानी येत नव्हतं, त्यांना मराठी, आणि इंग्रजीच्या नावाने दोघांचाही आनंद. तरी बांधावरच्या बाकावर रोज गप्पा रंगायच्या. हासेगावा बगळे दाखवायचे, जुन्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते हाताने दाखवायचे. सेंदाईला राहणाऱ्या मुलीचा फोटो काढून म्हणायचे, “शी से, कम, कम!” आणि खूप हसायचे. बाळासाहेब त्यांना चकली द्यायचे. हासेगावा ती रुमालात गुंडाळून घरी न्यायचे, बहुधा कवळीमुळे.

एकदा बाळासाहेबांनी त्यांनाच कापडाबद्दल विचारलं. हासेगावांनी कापडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “ओके, ओके!” कापड माझं आहे, एवढाच बोध बाळासाहेबांना झाला.

पुण्यात सहकारनगरच्या बागेतल्या मित्रांना ते रोज फोनवर बोलून निरोप धाडायचे. गाव कसं, नदी कशी, माणसं कशी, सगळं साग्रसंगीत. पिवळ्या कापडावर तिकडे चांगलीच खडाजंगी झाली. एक म्हणाला, पुराचा इशारा. दुसरा म्हणाला, कुळाचार. शेवटी बाळासाहेबांनीच निकाल देऊन टाकला की बांधाची निगा राखणाऱ्या घरांची ती खूण आहे.

मग एका सोमवारी हासेगावा बाकावर आले नाहीत. फाटकही बोडकं होतं.

‘गेले वाटतं लेकीकडे,’ बाळासाहेब मनाशी म्हणाले. सायकल पडवीत होती, पण सेंदाईला काय कोणी सायकलवर जातं? कापड दाराशेजारी छत्र्यांच्या स्टँडवर ठेवलेलं दिसत होतं. आळीभर पिवळं फडफडत असताना मित्राचंच फाटक तसं राहावं, हे त्यांना बघवेना. उद्या लाल चिठ्ठी चिकटली तर? ते हळूच आत गेले. कापड झटकलं, सुरकुत्या सारख्या केल्या आणि फाटकावर टांगलं. संध्याकाळी पुन्हा आत ठेवलं.

मंगळवारपासून तर ते उजाडताच हे काम उरकू लागले. पत्रपेटीतून डोकावणारे पेपर काढून दाराशी नीट रचले. कुंड्यांना पाणी घातलं. यामिनीला मात्र काही सांगितलं नाही. परक्याच्या फाटकाला हात लावला म्हणून ती धास्तावली असती. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, या विचाराने म्हातारा मनातून सुखावला होता. परत आल्यावर हासेगावा काय म्हणतील, याची त्यांना फार उत्सुकता होती.

शनिवारी सकाळी मंडळाच्या ओगावाबाई दारात उभ्या राहिल्या. यामिनीचा चेहरा उतरला.

“बाबा, परत कचरा?”

“छे गं! देवाशपथ नाही.”

ओगावाबाई कमरेत वाकल्या, बसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. ऐकता ऐकता यामिनीचा चेहरा खुलला.

“बाबा, तुमचं कौतुक चाललंय! तुम्ही रोज बांधावर असता, सगळीकडे तुमचं लक्ष असतं, म्हणून मंडळाला तुमची मदत हवीय.”

बाळासाहेबांची छाती फुगली. “विचार की मग, ती कापडं कसली?”

“तेच तर काम आहे. जे म्हातारे एकटे राहतात, ते सकाळी उठले की कापड बाहेर लावतात. आज उठलोय, बरा आहे, एवढं शेजाऱ्यांना कळावं म्हणून. ज्याचं कापड दिसणार नाही, त्याच्या घरी हे लोक लगेच किल्ली घेऊन जातात.”

बाळासाहेबांची नजर समोरच्या फाटकावरच्या पिवळ्या कापडाकडे गेली.

ओगावाबाई समोरच्या घराकडे हात करून हसत आणखी काही म्हणाल्या. यामिनीनेही ते हसतच मराठीत सांगितलं, “हासेगावासानचं हृदय फार नाजूक आहे म्हणे, सगळ्यांना त्यांचीच धाकधूक असते. पण या आठवड्यात त्यांचं कापड रोज लागलेलं होतं, मंगळवारपासून तर सगळ्यांच्या आधी, त्यामुळे घरात जाऊन बघायची वेळच आली नाही.”